मुकी सौदामिनी

डोंबिवली (पूर्व),
९ फेब्रुवारी १९९७

चि. शालू हिला मामाचे आशीर्वाद.

खुशाली मागाहून विचारतो. आधी तक्रार नोंदवून घे. मंगळवारी संध्याकाळी तू आमच्या शेजारी दातारांकडे फोन केलास. दातार वहिनींनी त्यांच्या गॅलरीतून मला तीनदा हाका मारल्या म्हणे. मी समोरच खुर्चीत पेपर वाचत होतो आणि मान वर करण्याचे सौजन्य दाखवले नाही, असा माझ्यावर आरोप आहे. हाक मारणाऱ्याने हाक मारल्यासारखी मारावी, एवढेच माझे म्हणणे. परिणाम असा की वहिनींनी अबोला धरला आणि त्यांच्याकडून येणारी विरजणाची वाटी बंद झाली. तेव्हापासून मी ताकावाचून जेवतो आहे. जेवणाचा शेवट ताकाने व्हावा हे आमच्या पाठशाळेत पहिल्या दिवशी शिकवत, संध्या दुसऱ्या दिवशी. तस्मात् या घरातील दह्याच्या ऱ्हासाला तूच कारण आहेस. यापुढे फोन करू नये. पोस्टात निळी अंतर्देशीय पत्रे मिळतात.

शेवटी तुला पत्रच लिहावे लागले, ते काल पोचले. वागळे इस्टेटमधल्या ज्या कारखान्यात तू नकाशे काढतेस, त्याने बॅटरीवर चालणारी व्हॅन बनवली. तिचे नाव सौदामिनी ठेवले. जूनपासून माझ्या मॅटाडोरसारखी, मुलांची ने-आण करणारी पण धूर सोडणारी गाडी शाळेच्या फाटकात उभी राहू देणार नाहीत, आणि तिच्या जागी तुमच्या चार सौदामिनी येणार. त्यांना मुरलेले ड्रायव्हर हवेत म्हणून तू पहिले नाव मामाचे दिलेस. ‘मॅटाडोर म्हातारी झाली, मामा, आता सोडा तिला,’ असे लिहितेस. हे वाक्य तुझ्या मामीने वाचले, आणि गाडीविषयीच आहे ना, असे दोनदा विचारले.

तुझा पूर्वपक्ष झाला. आता उत्तर ऐक.

आमच्या न्यायशास्त्रात धूर दिसला की अग्नी आहे असे मानून चालतात. मॅटाडोरला धूर आहे, म्हणजे तिच्या पोटात काहीतरी पेटलेले आहे याची खात्री बाळगता येते. तुझ्या गाडीला धूरच नाही, तर ती चालू की बंद हे शास्त्र्याने कशावरून ओळखावे? आणि तो धूर गेला कुठे? वीज काय पळीपंचपात्रीतून येते? दूर कुठेतरी कोळसा जाळून ती करतात. म्हणजे आपल्या दारातला केर शेजाऱ्याच्या दारात ढकलायचा आणि स्वच्छतेचे बक्षीस घ्यायचे. शुक्रवारी आमच्याकडे दुरुस्तीसाठी वीज जाते. त्या दिवशी मुलांना पाठंगुळी नेऊ का? माझ्या नळीला यंत्र लावून धुराचा दाखला मागतात. इथे कारखान्यांच्या चिमण्या पहाटे पिवळा धूर सोडतात, त्यांच्या तोंडाला कोणी यंत्र लावत नाही. हात पोचत नसेल.

धोरण ठरवणारे पांढऱ्या गाडीत मागच्या सीटवर बसतात, शालू. मागच्या सीटवरून रस्ता दिसत नाही, ड्रायव्हरची मान दिसते. म्हणून त्यांची सगळी धोरणे आमच्या मानेवर बसतात.

तरी तुझा शब्द मोडवत नाही. एकदा चालवून बघतो. नकार द्यायलाही प्रत्यक्ष प्रमाण लागते.

तुझ्या आईला सांग, तिचा भाऊ खडखडीत आहे.

तुझा,
परशुराममामा


कोपरी, ठाणे (पूर्व),
१७ फेब्रुवारी १९९७

ती. मामांना नमस्कार.

दातार वहिनींची मी फोन करून माफी मागितली. वाटी सुरू होईल. पण त्या काय म्हणाल्या सांगू? “अगं, तुझे मामा हल्ली फार तोऱ्यात असतात. जिन्यात भेटले तरी बोललेल्याचं उत्तर देत नाहीत.” मी म्हटलं, ते मनात श्लोक म्हणत असतील. सांभाळून घेतलंय, आता तुम्ही पण घ्या.

तुमचा कोळशाचा मुद्दा साहेबांना वाचून दाखवला. त्यांनी लगेच चहा मागवला. म्हणजे मुद्दा बरोबर असणार. पण मामा, मुद्दे जिंकून जूनमध्ये काय करणार? शाळेने लेखी कळवलंय, मॅटाडोर चालणार नाही. दुसरी शाळा तुम्हाला या वयात कुठली मिळणार? आईला त्या काळजीने झोप नाही. तुम्ही घरात नुसते बसलेले मी डोळ्यांसमोर आणूच शकत नाही. मी सहा वर्षांची असताना तुम्ही मला ट्रकच्या केबिनमध्ये बसवून म्हणायचात, “ऐक, आता ती दम लागल्यासारखी बोलते आहे, आता गिअर बदलायचा.” मी ड्रॉइंगच्या टेबलाशी पोचले ती त्या केबिनमधून. म्हणून तुमचं नाव दिलं.

रविवारी, २ मार्चला सकाळी माजिवड्याच्या नाक्यावर या. तिथून कळवा, मुंब्रा करत शीळफाट्यापर्यंत जायचं आणि परत. शेजारी आमचा फिटर गोपीनाथ बसेल. इथल्या कोळीवाड्यातला आहे, वडिलांच्या मचव्याच्या इंजिनाशेजारी वाढलेला. गाडी बिघडली की तो बॉनेट उघडायच्या आधी कान लावतो. तोंडाची टकळी सारखी चालू असते, तेवढं सोसा.

चाचणी झाली की सगळ्या नव्या ड्रायव्हरांची डॉक्टरकडून तपासणी आहे. डोळे, कान, ब्लडप्रेशर. ते नावापुरतंच.

तुमची,
शालू


डोंबिवली (पूर्व),
५ मार्च १९९७

चि. शालू हिला आशीर्वाद.

तुझ्या सौदामिनीचे दर्शन झाले. यथामती वर्णन करतो.

किल्ली फिरवली. काही झाले नाही. पुन्हा फिरवली. काही झाले नाही. तिसऱ्यांदा फिरवणार तेवढ्यात तुझ्या गोपीनाथने माझे मनगट धरले आणि समोरच्या दिव्याकडे बोट दाखवले. गाडी केव्हाची चालू होती. आकाशातल्या विजेमागे निदान गडगडाट असतो. ही बाई मौनव्रत घेऊन बसलेली. हूं नाही की चूं नाही. माजिवडा सोडला, खाडी ओलांडली, कळवा गेले, मुंब्रा आले, आणि मला आपण जागच्या जागी बसलो आहोत आणि रस्ताच कोणीतरी ओढून घेतो आहे असे वाटत राहिले.

गिअर नाहीत. चाळीस वर्षे माझा डावा तळहात गिअरच्या दांड्यावर आहे. त्या थरथरीतून गाडी काय म्हणते ते कळते. इथे डाव्या हाताला कामच नाही. तो मांडीवर ठेवून मी चालवत होतो, सत्यनारायणाला बसल्यासारखा. पायाखाली पत्रा हलत नाही, हातात काही हलत नाही. वेग किती हे काट्याकडे बघून ठरवायचे. काट्याकडे बघू की रस्त्याकडे?

माणसे मात्र वळून वळून बघत होती. मुंब्र्याला तर एक म्हातारी बऱ्याच आधीपासून बाजूला होऊन कपाळावर हात धरून उभी. नवी गाडी, नवलाई असायचीच.

गोपीनाथविषयी तू माझी दिशाभूल केलीस. मुलगा अत्यंत मितभाषी आहे. सबंध रस्ताभर सुपारी चघळत होता. जबडा हलतो आहे, तोंडातून शब्द नाही. शीळच्या चढावर त्याने दोनदा माझा दंड धरला आणि हातवारे करून काही दाखवले. मला वाटले डोंगर दाखवतो आहे. मी म्हटले, “हो, छान आहे.” त्यानंतर त्याने तोंड फिरवले ते ठाण्यापर्यंत. निसर्गाची आवड असलेला फिटर प्रथमच पाहिला.

तेव्हा माझे मत, कारखान्याला लेखी हवे तर हेच समज: गाडी मुकी आहे. जी गाडी स्वतःविषयी काही सांगत नाही, तिच्यात मुले बसवू नयेत. इति.

परशुराममामा

शालू, पत्राला डिंक लावायचं काम माझ्याकडे असतं म्हणून ही दोन ओळींची जागा मिळाली. ठाण्याहून आल्यापासून हे कोणाशी धड बोलले नाहीत. आणखी एक. कुकरच्या शिट्ट्या मोजायचं काम लग्नापासून यांचं आहे. गेल्या महिन्याभरात दोनदा डाळ करपली. विचारलं तर म्हणतात, कुकर बिघडलाय. नवीन आणला. तोही बिघडलाय म्हणतात. पाडव्याला ये.
मामी


कोपरी, ठाणे (पूर्व),
१४ मार्च १९९७

ती. मामांना नमस्कार.

तुमचं पत्र मी कौतुकाने ऑफिसात वाचून दाखवलं, ती माझी चूक झाली.

साहेब ‘मौनव्रत’ या शब्दावर उडालेच. म्हणाले, छापा! ‘चाळीस वर्षांचा अनुभव असलेले चालक श्री. परशुराम म्हणतात, हूं नाही की चूं नाही.’ तुम्ही नावं ठेवलीत ती आता जाहिरातीत जाणार. आणि गोपीनाथ दारात उभा राहून ऐकत होता. तो काय म्हणाला ते तसंच लिहिते.

“म्याडम, तुमचा मामा खोटा बोलतंय. मी सुपारी खातंच नाय.”

मामा, सौदामिनी मुकी नाही हो! ती रडते! गिअर बदलायचे नसले तरी आत दात्यांची चाकं आहेत, त्यांतून अशी शिट्टी निघते की आम्ही तीन महिने दाते घासतोय, कमी होत नाही. कोपरीच्या पुलावरून ती आली की बाजारात मासळी विकणारी ठमाबाई टोपली आवरते आणि ओरडते, “आली गं रडूबाई!” मुंब्र्याची ती म्हातारी उगाच नाही आधीपासून बाजूला उभी राहिली.

आणि हँडब्रेक अर्धा ओढलेला राहिला होता. मुंब्र्यापासून गोपीनाथ बोंबलतोय, “मामा, ब्रेक सोडा, मामा, चाक जलतंय!” चाक किंचाळत होतं. त्याने दंड धरून मागचं चाक दाखवलं, आणि तुम्ही म्हणालात, हो, छान आहे. शेवटी त्याने स्वतःच खाली हात घालून ब्रेक सोडला. परवा डबा खाताना मला म्हणाला, “आमी कोली, म्हनून आमच्या तोंडाकडं बगून बोलायचं नाय, असा हाय का त्यांचा?”

तुम्ही तसे नाही हे मला माहीत आहे. म्हणूनच कळत नाही. एक तर तुम्ही गाडीविषयी मुद्दाम खोटं लिहिलंत, नाहीतर माझी सगळ्यांसमोर थट्टा केलीत. मी तुमच्यासाठी शब्द टाकला होता, मामा.

डॉक्टरची तपासणी २२ तारखेला आहे. येणार का तेवढं कळवा.

शालू


डोंबिवली (पूर्व),
१९ मार्च १९९७

चि. शालू,

माझे नाव कुठेही छापायचे नाही. छापल्यास कारखान्याच्या दारात येऊन बसेन.

डॉक्टरकडे मी येणार नाही. तपासणी गाडीची होती, माझी नव्हती. चाळीस वर्षांत माझ्या हातून कोंबडीसुद्धा चेंगरलेली नाही. पंधरा वर्षांची गाडी म्हातारी, छप्पन्न वर्षांचा माणूस म्हातारा, आणि रस्त्याला पडलेले खड्डे तेवढे चिरतरुण. हे तुमचे धोरण तुम्हाला लखलाभ. मॅटाडोर माझी आहे, मुले माझी आहेत, जूनला अवकाश आहे.

गोपीनाथला सांग, मी त्याची जात पाहिली नाही. एवढेच सांग. दुसरे काही सांगू नकोस.

परशुराम


कोपरी, ठाणे (पूर्व),
१० एप्रिल १९९७

ती. मामांना नमस्कार.

परवा पाडव्याला आले तेव्हा खरं तर भांडायचं ठरवून आले होते. तुम्ही खाली मॅटाडोरला हार घालत होतात, पाठमोरे. मी फाटकातून हाक मारली, “मामा!” मग जवळ येऊन मारली. मग अगदी तुमच्या पाठीशी उभी राहून, शेजारच्या बाल्कनीतली माणसं वाकून बघायला लागली इतक्या जोरात. तुम्ही हाराची गाठ मारत होतात. शांतपणे. तोंडाने काहीतरी म्हणत.

मग मी खांद्याला हात लावला. तुम्ही दचकून म्हणालात, “मांजरासारखी येतेस गं, चाहूल नाही.” मी हसले. जेवताना तुम्ही एकटेच बोलत होतात, दोन तास, किती मजेदार. आम्हाला कोणाला मध्ये बोलूच दिलं नाहीत. आधी मला वाटायचं, मामांना ऐकवायची हौस आहे.

श्रीखंड तसंच ताटात राहिलं माझ्या.

गोपीनाथला मी सगळं सांगितलं. तुम्ही नको म्हणाला होतात, तरी सांगितलं. त्याने हातातला पाना खाली ठेवला. मग म्हणाला, “माझ्या बापाचापन असाच झाला. मशीनपाशी बसून बसून. आमाला वाटायचा, माज आला म्हाताऱ्याला.”

मी काही विचारत नाही, मामा. फक्त एक पत्र लिहा. त्यात विनोद नको.

शालू


डोंबिवली (पूर्व),
१७ एप्रिल १९९७

चि. शालू,

विनोद नको म्हणतेस. म्हणजे पत्राचा अर्धा कागद कोराच राहायचा. असो. प्रयत्न करतो.

डावा कान गेला त्याला सहा-सात वर्षे झाली. मॅटाडोरचे इंजिन ड्रायव्हरच्या डाव्या बाजूला, पत्र्याच्या झाकणाखाली असते. त्याआधी ट्रक होते, त्यांचेही तसेच. उजवा कान गेल्या पावसाळ्यानंतर गेला. एका दिवसात नाही. आधी दातार वहिनी गेल्या, मग रेडिओ, मग कुकर. तुझी मामी शेवटपर्यंत होती. आता तिचे ओठ बघून चालवतो, आणि ती पाठमोरी असली की भांडण होते. फोन नको म्हणत होतो त्याचे कारण ताक नव्हे, हे तुला कळले असेल.

पाठशाळेत आम्ही सगळे कानाने शिकलो. पोथी हातात द्यायचे नाहीत. गुरुजी डोळे मिटून बसत, आणि मागच्या रांगेत एकाचा स्वर चुकला तर नेमके त्याच्याकडे बोट करत. माझाही कान तसा होता. त्या कानावरच मी पाठशाळा सोडून पळालो तेव्हा मला ट्रकवाल्याने ठेवून घेतले. त्याचे इंजिन कुठे खोटे बोलते ते मी सांगत असे. चाळीस वर्षे माझ्या गाडीचा धूर मोजला, वजन मोजले, तिच्या दिव्यांची उंची मोजली. माझ्या कानाशी काय चालले आहे ते कोणी मोजले नाही. मीही नाही.

मॅटाडोर मी तळहाताने आणि तळपायाने चालवतो. दांडा थरथरतो, पत्रा थरथरतो, तेवढे पुरते. मागचे हॉर्न आरशात बघतो. तुझ्या गाडीत काहीच थरथरले नाही. मी आंधळ्यासारखा तिला शीळफाट्यापर्यंत नेले आणि आणले, आणि घरी येऊन तिला मुकी म्हटले. मुकी ती नव्हती. तुझे पत्र वाचले त्या दिवशी मला हे समजले, तरी मी तुला डॉक्टरकडे न येण्याचे ते पत्र लिहिले.

धोरणाविषयी एवढेच म्हणेन, की तुझी रडूबाई तीस वर्षे आधी आली असती तर मी तिच्यात बसलो असतो, आणि आज मला तिची शिट्टी ऐकू आली असती. साहेबांना छापायचे असेल तर हे छापा.

आता मुख्य गोष्ट.

मंगळवारी दुपारी मुलांना घेऊन शाळेतून निघालो. मुले रोज गातात. पूर्वी मी त्यांच्याबरोबर गात असे, आता आरशात बघून मान हलवतो. मंगळवारी आरशात सगळ्यांची तोंडे उघडी होती. मला वाटले, परीक्षा संपत आली म्हणून आज जोरात आहेत. मी स्टिअरिंगवर बोटांनी ताल धरला. तसाच चौक ओलांडला, वळण घेतले, पुढे देवळापाशी एक स्कूटरवाला समोर आडवा आला आणि दोन्ही हातांनी मागे दाखवू लागला, तेव्हा थांबलो.

मागचे दार सताड उघडे होते. सगळ्यांत धाकटी, जनी म्हणून मुलगी आहे, ती कमरेपर्यंत बाहेर. बाकीच्यांनी तिचा फ्रॉक, वेणी, दप्तर, हाताला लागेल ते धरून ठेवलेले. किती वेळ धरून ठेवले होते, मला माहीत नाही.

तिला खरचटलेसुद्धा नाही. मी तिला उचलून पुढे माझ्याशेजारी बसवले. ती रडत माझ्याकडे बघून काहीतरी म्हणाली. मी “हो, हो” म्हटले. काय म्हणाली ते मला कळले नाही, आणि पुन्हा विचारायचा धीर झाला नाही. मुलांनी घरी काही सांगितलेले दिसत नाही. त्यांना वाटते आहे, काकांनी गंमत केली.

बुधवारी सकाळी मी पुन्हा गाडी काढली. दाराला तार बांधली आणि गाडी काढली. मुले आपापल्या दारात उभी होती, जनीही होती. आजही काढली. शुक्रवार-शनिवार शाळेला सुट्टी आहे. सोमवारी शेवटचा पेपर. मुलांच्या घरच्यांना मी काहीही सांगितलेले नाही. रोज जिना उतरताना सांगायचे ठरवतो, आणि खाली मुले “काका” म्हणून हात हलवतात. हाक ऐकू येत नाही, पण हात दिसतो.

रविवारी ये. किल्ली घेऊन जा. मामीकडे दिली तर मी तिच्याकडून काढून घेईन, तू नेलीस तर मला मागता येणार नाही. आणि हाक मारू नकोस. समोर येऊन उभी राहा.

धूर, कोळसा, बॅटरी, यांतल्या कशाचीच मला काळजी नव्हती, शालू. मला काळजी एवढीच आहे, की तू आली नाहीस तर सोमवारी मी गाडी काढीन. मागे मुले ओरडतील, आणि मी ताल धरीन.

मामा